शेवेसारखा दगड : इंदूर, मनावर, बाघ आणि परत

शुक्रवार रात्र

बॅग भरताना भाच्याने विचारलं, मावशी हातोडा कुठे ठेवू, तर काकांनी पलीकडून सांगितलं की हातोडा घरीच राहू दे. आमचे हे काका कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण दरवर्षी थंडीत एकदा तरी धार जिल्ह्यात जाऊन आल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. या वेळी मी आणि भाचा त्यांच्या मागेच लागलो होतो. कारण मागच्या वर्षी त्यांनी एक दगड आणला होता, लालसर पिवळा, आणि त्यात पेन्सिलीच्या शिशापासून ते करंगळीएवढ्या जाडीपर्यंतच्या काड्याच काड्या, एकमेकीत अडकलेल्या. भाचा बघताक्षणी म्हणाला, हा तर शेवेचा दगड आहे! इंदूरच्या पोराला दुसरं काय सुचणार, सकाळी पोह्यांवर जाडी शेव पडते ना अगदी तश्शी. मी म्हटलं पोवळं असेल, फांद्या आहेत, भोकं आहेत. काका काहीच बोलले नाहीत, म्हणाले चला माझ्याबरोबर, मग ठरवा.

बॅगेत गेलं ते असं : दहापट आणि वीसपट दाखवणारी दोन भिंगं, जुने टूथब्रश, पाण्याची स्प्रेची बाटली, वर्तमानपत्र, झिपच्या पिशव्या, मार्कर, एक वही, आणि काकांची ड्रॉपर असलेली पातळ ॲसिडची बाटली जी त्यांनी स्वतःच सांभाळली.

शनिवार – धार, घाट, मनावरची बाजू

पाचला निघालो. अंधारात धुकं इतकं की धारपर्यंत काहीच दिसलं नाही. धारला उजाडलं, पोहे-जलेबी झाली, चहा झाला आणि मनावरच्या रस्त्याला लागलो.

हा रस्ता मी आधी पण केलाय लग्नांना वगैरे, पण या वेळी काका शेजारी बसून बोलत होते म्हणून पहिल्यांदा नीट बघितला. वरती माळव्याचं पठार म्हणजे सगळा काळा दगड, बसाल्ट, डेक्कन ट्रॅपचा लाव्हा, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. घाट उतरायला लागलात की तुम्ही त्या लाव्ह्याच्या खाली जाता, म्हणजे त्याच्याही आधीच्या काळात. काही ठिकाणी मध्ये लॅमेटा म्हणतात तो थर लागतो, डायनासोरच्या अंड्यांवाला, तो जमिनीवर तयार झालेला. त्याच्याही खाली समुद्र! हो, निमाडात समुद्र. साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक लांब फाटा आजच्या नर्मदेच्या खोऱ्यात आत शिरला होता, उथळ, कोमट पाण्याचा, आणि त्याच्या तळाशी जो गाळ बसला त्याचे हे थर, ज्यांना बाघ बेड्स म्हणतात. खाली निमार सँडस्टोन म्हणजे वाळूचा दगड, त्यावर गाठीगाठींची चुनखडी म्हणजे नोड्युलर लाइमस्टोन, आणि सगळ्यात वर लालसर पिवळा थर ज्याचं नाव कोरलाइन लाइमस्टोन.

कोरलाइन! भाचा मागून ओरडला, बघा मावशी बरोबर होती, पोवळंच आहे. काका म्हणाले, नाव लक्षात ठेव, संध्याकाळी बोलू.

मान नदीच्या खोऱ्यात एका खेड्याच्या अलीकडे काकांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचं शेत आहे, त्यांना सगळे दाजी म्हणतात. कापूस वेचून झालेला, हरभरा हिरवागार. आणि शेताचा बांध, अहो तो अख्खा बांध त्याच दगडाचा! नांगराला लागलेले दगड वर्षानुवर्षं काढून कडेला रचलेले. दाजींनी सांगितलं, हे सुटे पडलेत त्यातलं हवं ते बघा, न्या, फक्त बांध पाडू नका, गुरं आत येतात. काकांचा नियमही हाच, जमिनीतून काही उपटायचं नाही, फोडायचं नाही, मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि कुठून उचललं ते त्याच क्षणी वहीत लिहायचं. घरी जाऊन लिहू म्हटलं की झालं, ठिकाण हरवलेल्या फॉसिलची किंमत शून्य, असं ते दर वेळी सांगतात.

पहिला अर्धा तास मी नुसती बघत बसले. दगड सुका असताना काही कळत नाही, पण स्प्रे मारला की एकदम उघडतो. काड्या, फांद्या, कुठे वाय आकारात फुटलेल्या, काही आडव्या कापल्या गेलेल्या म्हणून गोल टिकल्या दिसतात. जवळजवळ सगळा दगडच या तुकड्यांचा बनलाय, मध्ये थोडं सिमेंटसारखं भरलेलं. शिवाय थर तिरके तिरके, म्हणजे पाण्याच्या प्रवाहाने तुटलेल्या काड्या वाहत आणून लोटलेल्या, काका म्हणाले वाळूच्या दांड्यासारखं समज, फक्त वाळूच्या जागी कॉलन्यांचे, म्हणजे एकत्र राहणाऱ्या जिवांच्या वस्त्यांचे, तुकडे.

भिंग डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि दगड हळूहळू जवळ आणायचा, उलटं नाही, हे शिकायलाच मला वेळ लागला. मग दिसली भोकं. काडीच्या अख्ख्या अंगावर, टाचणीच्या टोकाहून बारीक, शेजारी शेजारी, मधमाशीच्या पोळ्यासारखी.

काका म्हणाले, आता सांग, भोकाच्या आत काय दिसतंय?

काहीच नाही, मी म्हटलं. रिकामं.

पडदे? पाकळ्यांसारखे आत येणारे?

नाही.

मग पोवळं नाही.

आणि मग बांधावर बसून त्यांनी जे सांगितलं ते मी इथे माझ्या शब्दात लिहिते कारण मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी कित्येक दगडांना चुकीची नावं दिली नसती. पोवळ्याचा एकेक प्राणी ज्या वाटीत बसतो त्या वाटीत भिंतीपासून मध्याकडे येणारे उभे पडदे असतात, आजची दगडी पोवळी आणि त्यांचे क्रेटेशियस म्हणजे या समुद्राच्याच काळातले नातेवाईक यांच्यात ते सहाच्या पटीत असतात, त्यामुळे वाटी चांदणीसारखी दिसते. शिवाय वाटी बहुतेक वेळा मिलिमीटरभर किंवा त्याहून मोठी, नुसत्या डोळ्याने दिसणारी. इथे भोकं मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याची, आत पडदा नाही. हे ब्रायोझोआ. हाही वसाहत करून राहणारा प्राणी, पण पोवळ्याशी नातं लांबचं. पोवळ्याला तोंड तेच आणि बाहेर टाकायची वाटही तीच, ब्रायोझोआच्या एवढ्याशा अर्धा मिलिमीटरच्या जिवाला मात्र यू आकाराचं आतडं असतं, तोंड वेगळं, गुदद्वार वेगळं, आणि तोंडाभोवती बारीक केसांच्या तंतूंचं नरसाळं, ज्याने तो पाण्यातलं खाणं गाळून घेतो. अंड्यातून निघालेला एक जीव खडकाला किंवा शिंपल्याला चिकटतो, आणि मग त्याच्यापासून कळ्या फुटत फुटत सगळी वस्ती उभी राहते.

म्हणजे एका काडीत किती जण राहत असतील, भाच्याने विचारलं. काकांनी त्यालाच मोजायला लावलं. एका चौरस मिलिमीटरमध्ये त्याला दहाच्या आसपास भोकं मिळाली, काडी ४ मिलिमीटर जाड आणि २ सेंटिमीटर लांब, म्हणजे पृष्ठभाग अडीचशे चौरस मिलिमीटर, म्हणजे अडीच हजार! एका शेवेच्या काडीत अडीच हजार घरं. तो पुढे दहा मिनिटं गप्पच होता.

तर मग नाव कोरलाइन का? जुन्या काळी सर्वे करणाऱ्यांनी फांद्या बघितल्या आणि तसं नाव पडलं, आणि नाव एकदा नकाशावर चढलं की उतरत नाही. या भागाचं मोठं काम ब्लॅनफर्डने १८६९ मध्ये छापलं आणि नंतर प्रमथनाथ बोस यांनी १८८४ मध्ये, तेच बोस ज्यांच्या गोरुमहिसानीच्या लोखंडाच्या शोधातून पुढे जमशेदपूरचा कारखाना उभा राहिला. म्हणून आजही तुम्ही भूशास्त्राच्या पुस्तकात कोरलाइन लाइमस्टोन वाचाल आणि पुढच्याच ओळीत त्यात ब्रायोझोआ भरलेत हे पण वाचाल.

दुपारी दाजींच्या घरी दाल-पानिये. मक्याचं पीठ पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या आगीत भाजलेलं, वर तूप. याबद्दल वेगळं लिहायला हवं.

दुपारनंतर नाल्याच्या बाजूला गाठींच्या चुनखडीत उतरलो. इथे काड्या नाहीत, इथे ऑयस्टरचे शिंपले, आणि भाच्याला मिळाला एक बटाट्याएवढा गोळा, वर पाच पाकळ्यांचं फूल. तो म्हणाला चांदणी आहे, पडदे आहेत, हे तरी पोवळं? पण पाकळ्या पाच, सहा नाहीत, आणि फूल अख्ख्या गोळ्यावर एकच. हा समुद्री साळू, हेमिॲस्टर, बाघ बेड्समध्ये भरपूर मिळतो. एकटा प्राणी, वस्तीवाला नाही. पाच की सहा हे मोजणं किती कामाचं आहे ते तिथे कळलं.

आणि मला मिळाला माझा शिंपला. ऑयस्टरचा अर्धा तुकडा, अंगठ्याएवढा, बाहेरून खरखरीत. स्प्रे मारला तर वरती नक्षी, जाळीच्या लेससारखी, एकाला एक लागून चौकोनी-लांबट खोल्यांच्या ओळी, एका ठिकाणाहून पंख्यासारख्या पसरत गेलेल्या. जाडी कागदाएवढी. काकांनी वीसपटीचं भिंग लावलं, बराच वेळ बघितलं आणि फक्त म्हणाले, हा रद्दीत गुंडाळू नकोस, कापसात ठेव.

रविवार – बाघ

रात्री कुक्षीला मुक्काम होता, लॉज ठीकठाक. सकाळी ताडाच्या झाडांमधून बाघला.

आधी लेणी. गुंफा वाळूच्या दगडात कोरल्यात, म्हणजे काल ज्या समुद्राच्या थरांवर आम्ही चाललो त्यांच्याही खालच्या दगडात. चौथ्या लेण्याला रंगमहाल म्हणतात, तिथली चित्रं १९२१ मध्ये नंदलाल बोस आणि मंडळींनी येऊन उतरवून घेतली होती, आणि पुढे १९८२ मध्ये उरलेली मूळ चित्रं भिंतीवरून काढून ग्वाल्हेरच्या गुजरी महालात नेली. भिंती रिकाम्या बघून वाईट वाटतं, पण ओल इतकी आहे की ती इथे राहिली नसती. बाघिनी नदीवर खाली बाघ प्रिंटचे कपडे धूत होते, लाल-काळे. मी एक चादर घेतली.

मग डायनासोर पार्क. परवानगी आधी काढली होती, गार्ड बरोबर होता, आणि इथे एक खडाही उचलायचा नाही, हे काकांनी आम्हाला गाडीतच सांगितलं होतं. धार जिल्ह्यातल्या बाघ-कुक्षी पट्ट्यातून ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवल्याचा शोधनिबंध २०२३ मध्ये आला, टायटॅनोसॉर म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरची. त्याच वर्षी पाडल्या गावची बातमी पण आली होती, तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या गोल दगडांची काकड भैरव म्हणून पूजा करत होते, काकड म्हणजे शेत, भैरव म्हणजे देव, आणि ते दगड अंडी असल्याचं त्या बातमीत होतं. मला ती पूजा फार आवडली. ज्यांनी शेतात सापडलेली गोल वस्तू फेकली नाही, सांभाळली, नारळ फोडला, त्यांच्यामुळेच ती टिकली.

इथे मात्र आमच्या विषयाचं एक मोठं शिक्षण झालं. गार्डने अंड्याच्या कवचाचा जमिनीतच असलेला तुकडा दाखवला, मी वाकून भिंग लावलं आणि मनात आलं की अरे, हे पण आपलंच, ब्रायोझोआ! बारीक बारीक ठिपके, सगळीकडे सारखे. भाचा पण तेच म्हणाला. काकांनी उजेड तिरका पाडायला लावला, मोबाइलचा टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून. आणि तिरक्या उजेडात सावल्या उलट्या बाजूला पडल्या, म्हणजे ते ठिपके खोल नव्हते तर उंच होते, फोडांसारखे वर आलेले. अंड्याच्या कवचावर गोळ्या वर येतात, ब्रायोझोआच्या अंगावर भोकं आत जातात. समोरून टॉर्च मारला की दोन्ही सारखेच दिसतात, फोटोत तर हमखास फसवतात. म्हणून आता मी प्रत्येक फोटो दोनदा काढते, एकदा उजेड डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि शेजारी पट्टी ठेवून. पट्टी नसलेल्या फोटोवरून कोणालाही काही ओळखता येत नाही, माझ्या मागच्या वर्षीच्या साठ-सत्तर फोटोंचं तेच झालंय, त्यातला एकही कामाचा नाही.

सोमवार – परत

टांड्यावरून धार, धारहून इंदूर. रस्त्यात बोरं घेतली. चारला घरी.

सोमवार रात्र ते पुढचा शनिवार

खरी ओळख पटवायचं काम घरच्या टेबलावर झालं, म्हणून प्रवास मी इथेच संपवत नाही.

आधी धुणं. फक्त पाणी आणि मऊ ब्रश. ॲसिडने पटकन साफ होतं असं मला एकाने सांगितलं होतं, आणि मागे मी एक छान तुकडा तसा घालवला, कारण फॉसिल पण चुन्याचं आणि दगड पण चुन्याचा, ॲसिडला दोन्ही सारखेच. काकांची बाटली फक्त एक थेंब कोपऱ्यावर टाकून फसफसतं का ते बघायला.

मग एक सुटी काडी निवडली, जिच्यासारख्या अजून वीस होत्या, आणि ती घासली. हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला, २२०, ४००, ८००, १०००, काचेवर पाणी टाकून पेपर ठेवायचा आणि काडीचं टोक गोल गोल फिरवायचं. भाचा दीड तास हेच करत होता. मग दुसरी काडी लांबीत उभी घासली. आणि उभ्या कापात दिसलं ते बघून मी स्वयंपाकघरातून सगळ्यांना बोलावलं. मध्यभागी नळ्या, सरळ वर जाणाऱ्या, एकमेकींना चिकटून, आणि काठाकडे येता येता वळून बाहेर उघडणाऱ्या, कारंज्यासारख्या. म्हणजे बाहेरून दिसतं ते भोक म्हणजे एका लांब नळीचं तोंड आहे. स्पंजात असं नसतं, त्याची भोकं वेडीवाकडी, लहानमोठी, आतले रस्ते एकमेकांत शिरलेले. इथे प्रत्येक घराची भिंत स्वतंत्र.

नळ्या दिसल्या म्हणून मी वहीत लिहून टाकलं, सायक्लोस्टोम. कारण ब्रायोझोआचे जे दोन गट या काळात महत्त्वाचे, त्यातले सायक्लोस्टोम नळ्यांचे, गोल तोंडाचे, आणि चेइलोस्टोम खोक्यांचे, तोंडाला झाकण असलेले. चेइलोस्टोम ज्युरासिकच्या शेवटी दिसायला लागले आणि क्रेटेशियसच्या मधल्या काळापासून इतके वाढले की आजच्या समुद्रात त्यांचंच राज्य आहे. माझ्या शिंपल्यावरची लेस खोक्यांची, ती चेइलोस्टोम, हे काका शनिवारी शेतातच ओळखून बसले होते.

बुधवारी रात्री काका आले, वही वाचली, आणि विचारलं, भोकं सगळी एका मापाची आहेत?

मी म्हटलं हो. भाचा म्हणाला, नाही. त्याने यूएसबी मायक्रोस्कोपवर फोटो मोठा करून मोजलं होतं, मोठी ०.२५ मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यांच्या मध्ये बारकी बारकी, ०.१ च्या आसपास. मी इतके दिवस बघून मला ती दिसलीच नव्हती, मी मोठ्यांवरच नजर ठेवून होते.

तेव्हा काकांनी चिपळूणकरांचं सांगितलं. जी. डब्ल्यू. चिपळूणकर या भूशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात बाघ बेड्सचे जीव एकेक गट घेऊन तपासले, साळू, शिंपले, आणि १९३९ मध्ये ब्रायोझोआ. त्यातल्या एका जातीला त्यांनी नाव दिलं डायमॉर्फोपोरा, म्हणजे दोन प्रकारच्या भोकांची. लांब नळ्या, गोल काडी, ज्याच्याकडे बघून कोणीही सायक्लोस्टोमच म्हणेल. आणि १९९५ मध्ये टेलर आणि बडवे यांनी दाखवलं की ती सायक्लोस्टोम नाहीच, ती चेइलोस्टोम आहे, खोकीवाल्यांपैकी, जिने खोकी लांबवत लांबवत नळ्या करून टाकल्या. दोन वेगळ्या घराण्यांनी एकच आकार गाठला. त्यांनी तिच्यासाठी नवीन वंश केला आणि नाव ठेवलं चिपळूणकरिना. चिपळूणकरिना डायमॉर्फोपोरा! निमाडातल्या नव्वद लाख नाही, नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या जिवाला आपलं मराठी आडनाव, आणि ते युरोपातल्या क्रेटेशियसमध्ये पण सापडणाऱ्या वंशाचं नाव. मला खरंच भरून आलं, लपवत नाही.

मग आमच्या टेबलावर आहे ती तीच का? भाच्याला लगेच लेबल लिहायचं होतं. काका म्हणाले, दोन मापांची भोकं इतर ब्रायोझोआतही असतात, त्यावरून जात ठरत नाही, त्यासाठी भिंतींची बारीक रचना आणि कळी कशी फुटली ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं. भाचा थोडा रुसला. पण लेबल त्यानेच लिहिलं, त्याच्या अक्षरात : ब्रायोझोआ, फांद्यांची वसाहत, भोकं दोन मापांची, कोरलाइन लाइमस्टोन, मान नदीचं खोरं, शेताचा बांध, मालकाच्या परवानगीने. खाली तारीख. चिपळूणकरिना हा शब्द पेन्सिलीने, पुढे प्रश्नचिन्ह. सहा काड्या न घासता वेगळ्या डबीत ठेवल्या, कोणाला पुढे नीट तपासायच्या असतील तर.

शिंपला कापसातच आहे. त्यावरच्या लेसच्या मधोमध, जिथून ओळी पसरतात तिथे, एकच खोली बाकीच्यांपेक्षा छोटी आहे. ती पहिली. बाकी सगळी वस्ती तिच्यापासून झालेली.

शनिवारी दाजींना फोन केला, कारण निघताना त्यांनी सांगितलं होतं की काय निघालं ते कळवा. मी स्पीकरवर सांगितलं की दाजी, तुमच्या बांधात समुद्रातले जीव आहेत, एका काडीत हजारो. ते थोडा वेळ गप्प होते, मग घरातल्यांना हाक मारून त्यांनी ते निमाडीत सांगितलं, मागे बायका-पोरांचा आवाज, कोणीतरी परत परत विचारत होतं कित्ते, कित्ते? मग दाजी म्हणाले, "अबी तो धूल है बेन. बारिश के बाद आना, पत्थर धुल जाता है तो सब साफ दिखता है." भाच्याने वहीत सप्टेंबर लिहून त्याभोवती गोल केला.